बालकाच्या श्वासाचा वारसा

साशंक : घरातील मूल वर्षाचे होण्याच्या आतच दोन-तीनदा छाती भरून अंथरुणाला खिळले की वडीलधारी मंडळी त्याच्या आजोळाकडे बोट दाखवून 'त्यांच्या घराण्यातच छाती नाजूक' असा निकाल देऊन मोकळी होतात, आणि आपल्या पक्षाचे शास्त्रज्ञ आता तोच निकाल गुणसूत्रांच्या भाषेत लिहून आणतात, तेव्हा त्याला शोध म्हणावे की जुन्या समजुतीवरचे नवे शिक्कामोर्तब म्हणावे, हे मला उमजत नाही. पाच वर्षांखालचे मूल न्यूमोनियाने दगावते ते न्यूमोकोकससारख्या जंतूंमुळे, घरातील दाटीमुळे, अर्धपोटी राहिल्यामुळे आणि औषध वेळेवर हाती न पडल्यामुळे दगावते. ही गोष्ट इतकी उघड असताना आजा-पणजांचे दप्तर उलगडण्याचे प्रयोजन काय? गडचिरोलीचा दाखला घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांतून गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला ६० वेळा, वर्षाच्या आतील ५० वेळा आणि त्यापुढचे ४० वेळा किंवा अधिक श्वास घेत असेल तर ते आजारी समजावे, एवढी साधी ती कसोटी. आणि ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन बनवले गेले. औषध कोट्रायमॉक्सॅझोलचे, म्हणजे त्या काळीही स्वस्तातलेच. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला, त्यात उपचार पोहोचलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एखादेच दगावले, तर जेथे हे काम नव्हते तेथे तेच प्रमाण साडेतेराच्या घरात होते. एवढ्या अवधीत तेथील कोणा बालकाचे बीज बदलले होते काय?

पुरस्कर्ता : बदलले नव्हते, आणि त्या कामाबद्दल मला आपल्याहून कमी आदर नाही. परंतु आपण जो प्रश्न सोडवलात तो 'मुले मरू नयेत यासाठी काय करावे' हा होता. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. एकाच गल्लीत, एकाच चुलीच्या धुरात, एकाच जंतूच्या तडाख्यात सापडलेल्या दहा मुलांपैकी आठ नाक पुसत खेळत राहतात आणि दोघांच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातात, त्याचे कारण जंतूत सापडत नाही, कारण जंतू दहाही जणांच्या नाकात होता. येथे मी आपल्याला डेन्मार्कच्या दत्तकांची कैफियत ऐकवतो. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते आणि जनक कुळाच्या दौलतीवरचा त्याचा हक्क संपतो. पण शरीराच्या दरबारी हे दत्तकविधान कितपत मान्य होते, याची तपासणी तेथील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. १९२४ ते १९२६ या काळात जन्मून परक्या घरी दत्तक गेलेल्यांची ९६० कुटुंबे त्यांनी तपासली. जन्मदात्यांपैकी एकजण पन्नाशीच्या आत संसर्गाने मेला असेल, तर दत्तक गेलेल्या अपत्याला संसर्गानेच अकाली मृत्यू येण्याचा संभव सुमारे ५.८ पट असल्याचे आढळले; ज्यांनी घास भरवून वाढवले त्या पालकांच्या तशा मृत्यूशी मात्र असा संबंध दिसला नाही. (कर्करोगाच्या बाबतीत चित्र नेमके उलटे निघाले, हे जाता जाता सांगतो, म्हणजे हा हिशेब वंशाच्या बाजूने आधीच झुकवलेला नव्हता.)

याहून थेट पुरावा हवा असेल तर १९५२ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ब्रूटन यांच्यापुढे आलेला आठ वर्षांचा मुलगा आठवा. न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग त्याला पुनःपुन्हा होत होते, आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाचा प्रथिनांचा भाग जवळजवळ नव्हताच असे आढळले; तो बाहेरून टोचू लागताच संसर्गांची ती मालिका थांबली. पुढे १९९३ मध्ये या दोषाचे जनुक आईकडून मुलाकडे येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर सापडले. विषाणूची चाहूल पेशीला देणाऱ्या एका प्रथिनात खोट असलेली, आणि त्यापायी साध्या सर्दीच्या विषाणूनेही अतिदक्षता विभागात जाऊन पडलेली मुले २०१७ साली नोंदवली गेली. जे मूल इतर सर्व बाबतींत निरोगी दिसते आणि एकाच जातीच्या शत्रूपुढे निःशस्त्र असते, त्याच्या आईला 'घरात स्वच्छता ठेवा' एवढेच सांगून परत पाठवणे हा मला अन्याय वाटतो.

साशंक : ब्रूटनच्या त्या मुलाविषयी माझी तक्रार नाही. लाखांत काही अशी मुले असतात, ती ओळखली गेलीच पाहिजेत आणि ज्या घरात सख्खे मामे लहानपणीच संसर्गाने गेले आहेत तेथे डॉक्टरने ते विचारलेच पाहिजे. परंतु अपवादाच्या खिडकीतून सरसकट सगळ्या बालकांकडे पाहण्याची आपल्या पक्षाची जी तऱ्हा आहे, तिला माझा विरोध आहे. डेन्मार्कच्या दत्तकांचेच पाहा. एक तर ते मृत्यू प्रौढांचे होते, बालकांचे नव्हते. संसर्गाने मेलेल्यांची संख्या मोजकी असल्यामुळे ५.८ हा आकडा दिसतो तितका भक्कमही नाही. परंतु माझी खरी हरकत यापुढची आहे. दत्तक दिलेले मूल जनक मातेच्या बीजाबरोबर तिच्या उदरातले नऊ महिनेही सोबत घेऊन नव्या घरी जाते. ती माता क्षयाने खंगलेली, उपाशी किंवा निराधार असेल, तर मुलाने काय वारशाने घेतले? बीज की उपासमार? दत्तकविधान बीजाला घरापासून वेगळे काढते. बीजाला गर्भापासून वेगळे काढणे त्याला साधत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांचीही हीच अडचण. श्वासनलिकांच्या टोकांना सूज आणणाऱ्या आर.एस.व्ही. या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या जुळ्यांची डेन्मार्कमध्ये मोजदाद झाली, तीत वंशाचा वाटा पंचमांशाच्या आसपास निघाला; पण एकसारख्या जुळ्यांपैकी पुष्कळांनी बीजाबरोबर वारही वाटून घेतलेली असते, त्याचे काय करायचे?

आणि हे 'वाटे' काढण्याचे गणितच मुळात फसवे आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक घर उबदार, प्रत्येक मुलाला दूध, प्रत्येकाला लस. परिस्थितीचा फरक जवळजवळ पुसला गेल्यावर उरलेला फरक बीजाच्या खात्यावर पडणारच. तोच हिशेब मेळघाटात मांडा, म्हणजे बीजाचा वाटा आपोआप आक्रसेल, कारण तेथे एका घरात धान्य आहे आणि दुसऱ्यात नाही. तेव्हा हा आकडा त्या मुलाच्या रक्तातला नसून त्याच्या देशाच्या कारभारातला आहे.

पुरस्कर्ता : आपले हे शेवटचे म्हणणे मी केवळ मान्यच करत नाही, तर पुढे वापरणार आहे, ते जपून ठेवा. तूर्त एवढेच म्हणतो की आपण मला बीजापासून दूर लोटता लोटता गर्भाच्या दारात आणून उभे केलेत, आणि मला तेथेच यायचे होते. लीन रीड या विदुषीने फुप्फुसाच्या वाढीचे जे नियम घालून दिले त्यांतला पहिला असा की श्वासनलिकांच्या सर्व शाखा-उपशाखा गर्भाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत फुटून झालेल्या असतात. वायुकोश पुढे जन्मानंतरही वाढतात, पण नव्या नलिका नंतर फुटत नाहीत. म्हणजे पुष्कळ स्त्रियांना सासरी-माहेरी 'गोड बातमी' सांगून महिना-दोन महिनेच झालेले असतात, तोवर बालकाच्या छातीतले रस्ते आखून संपलेले असतात. हे रस्ते काहींचे जन्मतःच अरुंद असतात. अमेरिकेत ॲरिझोनातील टुसान येथे १९८० पासून जन्मलेल्या बाराशेहून अधिक बालकांची जी दीर्घ पाहणी चालली, तिच्यातील काही बालकांच्या श्वासाचे मापन त्यांना छातीचा पहिला आजार होण्याच्या आधीच करून ठेवले होते. पुढे विषाणूच्या संसर्गात ज्यांची छाती घरघरू लागली, त्यांची श्वसनक्षमता आजारापूर्वीच इतरांहून कमी असल्याचे १९८८ मध्ये दिसून आले. आधी अरुंद नलिका आणि मग आजार, असा तो क्रम होता. आजाराने नलिका बिघडवल्या असे तेथे म्हणता येत नाही.

आणि दप्तराचीच गोष्ट निघाली आहे तर हर्टफर्डशायरच्या दप्तरांविषयी मला सविस्तर सांगू द्या, कारण वैद्यकाच्या इतिहासात इतकी चिकाटीची कारकुनी मी दुसरी पाहिलेली नाही. इंग्लंडच्या त्या परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली आरोग्यसेविका घरोघर जात आणि जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे वजन, त्याला पाजले कसे, वर्षाचा असताना त्याचे वजन किती, त्याला कोणकोणते आजार झाले, हे सर्व जाड वह्यांतून लिहून ठेवीत. लिहिणाऱ्यांना त्या नोंदींचा पुढे काय उपयोग होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते. अनेक दशकांनी साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या हुडकल्या, त्यांतील १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५७१८ पुरुषांचा माग काढला, आणि त्यांपैकी साठीच्या आसपास पोहोचलेल्या ८२५ जणांचा श्वास मोजला. जे जन्मतः हलके होते त्यांचा श्वास उतारवयात तोकडा होता. आणि ज्यांच्या नावापुढे पहिल्या वर्षात 'ब्राँकायटिस' किंवा 'न्यूमोनिया' लिहिलेले होते त्यांच्या फुप्फुसातून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सरासरीने ०.१७ लिटरने कमी भरली, मग ते धूम्रपान करोत वा न करोत. १९९१ साली हे प्रसिद्ध झाले.

साशंक : त्या सेविकांना माझाही नमस्कार. परंतु टुसान म्हणते की आधी अरुंद नलिका आणि मग आजार, आणि हर्टफर्डशायरची वही कमकुवत फुप्फुसाने न्यूमोनियाला बोलावले की न्यूमोनियाने फुप्फुस जखमी केले याविषयी अवाक्षर काढत नाही. तरी आपण दोन्ही साक्षीदार एकाच दाव्यात उभे करता. शिवाय १९११ साली हलके मूल कोणाच्या घरी जन्मत होते? ज्याच्या घरात ओल होती, कोळसा नव्हता आणि पाच भावंडे एका खाटेवर होती त्याच्याच. बार्करप्रणीत कथा ऐकायला फार सुरेख असतात, पण एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्या की पुष्कळदा वाटेतच मोडतात. आफ्रिकेतील गांबियात उपासमारीच्या महिन्यांत जन्मलेली माणसे तरुणपणी संसर्गांनी अधिक मरतात असे १९९७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा गर्भाच्या उपासाचा हा शेवटचा पुरावा म्हणून केवढी वाहवा झाली! सात वर्षांनी बांगलादेशातील मतलब येथे तोच हिशेब मांडला गेला, तर जन्माच्या ऋतूचा आणि मृत्यूचा काही संबंध लागेना. गर्भाच्या काळात हस्तक्षेप करून पाहावा म्हटले, तर तेथेही तीच निराशा. ग्वातेमाला, पेरू, रवांडा आणि आपला तामिळनाडू या चार ठिकाणी ३२०० गर्भवतींपैकी निम्म्यांना लाकूडफाट्याऐवजी गॅसची शेगडी आणि अखंड इंधन फुकट दिले, ते मूल वर्षाचे होईपर्यंत. धूर खरोखरच कमी झाला, पण बाळांचे जन्मवजन वाढले नाही आणि तीव्र न्यूमोनियाही म्हणण्यासारखा घटला नाही.

पुरस्कर्ता : क्षमा करा, पण ही गोळी आपण झाडलीत ती आपल्याच तटबंदीला लागली. प्रारंभी आपण न्यूमोनियाची उघड कारणे मोजलीत तेव्हा त्याचे नाव घेतले नाहीत, पण परिस्थितिवादाच्या यादीत चुलीचा धूर नेहमी पहिल्या तीनांत असतो, आणि तो काढून घेतल्यावरही न्यूमोनिया हटला नाही. त्यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. एवढेच ठरते की चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पोहोचलेल्या, स्वतः धुरातच वाढलेल्या स्त्रीच्या हाती शेगडी देणे कदाचित उशिराचे असेल, किंवा गल्लीतला बाकीचा धूर पुरेसा असेल. दुसरीकडे, जे साधले आहे तेही पाहा. नेपाळच्या तराईत 'अ' जीवनसत्त्वाचा तुटवडा असलेल्या भागात १९९४ ते १९९७ मध्ये काही स्त्रियांना गर्भधारणेपूर्वी, गर्भारपणात आणि नंतर ते जीवनसत्त्व दिले. त्यांची मुले नऊ ते तेरा वर्षांची झाल्यावर त्यांचा श्वास इतरांहून सरस भरला. डेन्मार्कमध्ये चोविसाव्या आठवड्यापासून माशाचे तेल घेतलेल्या मातांच्या मुलांना छातीचे संसर्ग सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. आणि बांगलादेशात ३४० मातांवर केलेल्या प्रयोगात गर्भवतीला इन्फ्लुएन्झाची लस टोचल्याने तिच्या बाळाचा पहिल्या सहा महिन्यांतला खात्रीशीर निदान झालेला इन्फ्लुएन्झा ६३ टक्क्यांनी घटला. येथे कार्यकारणाविषयी शंकाच उरत नाही : आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात, बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत जातात, आणि म्हणूनच अपुऱ्या दिवसांचे बाळ अपुऱ्या शिदोरीने जगात येते. आर.एस.व्ही.विरुद्ध गर्भवतीला द्यावयाची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली ती याच तत्त्वावर.

आपल्या घरचेही एक उदाहरण देतो. तंबाखू भाजून केलेल्या मशेरीने दात घासणाऱ्या बायका महाराष्ट्रात काही थोड्या नाहीत, आणि 'आम्ही विडी थोडीच ओढतो' असे त्या म्हणतात. मुंबईत बाराशेहून अधिक गर्भवतींची पाहणी करून २००४ साली दाखवून दिले गेले की धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅमनी हलकी जन्मतात. माकडांच्या गर्भावर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत धूर मुळीच नसताना नुसत्या निकोटिनने फुप्फुसाची घडण बिघडलेली दिसली. धूर नाही म्हणून भय नाही, ही समजूत आता टिकत नाही.

साशंक : मला वाटलेच होते की फिरून फिरून आपण मशेरीवर याल, कारण गर्भाचे हे सारे शास्त्र अखेर आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करूनच थांबते. मूल खोकले की पूर्वी सासू म्हणे, 'हिच्या माहेरचीच छाती अशी'. आता ती म्हणेल, 'डॉक्टरच म्हणाले, पोटात असताना हिनेच केले.' बीजाच्या दोषात निदान बापाची भागीदारी तरी होती! पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची जी पाहणी केली, तीत गर्भधारणेपूर्वीचे त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. शेतावर राबून, सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या त्या बाईच्या हाती आपण सोळा आठवड्यांचा नियम ठेवणार, आणि त्या मुदतीत तिने काय काय करावे याची यादी देणार. तिच्या हाती अधिकार नाही, पण जबाबदारीचा सारा बोजा तिच्या नावे चढवून ठेवायचा. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची नि बाळंतशोपांची धुरी तिने मागितलेली नसते. ती देणारे हात दुसऱ्यांचे असतात.

पुरस्कर्ता : हा आक्षेप मला आजवरच्या सर्व आक्षेपांत जड वाटतो, आणि त्याला शास्त्राच्या पोतडीत उत्तर नाही. परंतु आरोपाचे भय म्हणून वस्तुस्थिती दडवावी काय? इंग्लंडचे जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एक भेद मांडला तो येथे उपयोगी पडेल. याच माणसाला आज हा रोग का झाला, हा एक प्रश्न. आणि या समाजात हा रोग इतका का आहे, हा दुसरा. दोहोंची उत्तरे एकच असावीत असा काही नियम नाही. आपण गडचिरोलीतून दुसऱ्याचे उत्तर आणलेत आणि मी डेन्मार्क-टुसानहून पहिल्याचे. आपण दोघेही आपापले उत्तर समोरच्याच्या प्रश्नावर ठेवून पाहत होतो, म्हणून ते बसत नव्हते. आता मघाचे आपले विधान परत मागतो. परिस्थितीतला फरक पुसला गेला की उरलेला फरक बीजाच्या आणि गर्भाच्या खात्यावर पडतो, असे आपण म्हणालात. मग गडचिरोलीतच पुढे काय झाले? न्यूमोनियाचे मृत्यू आटोक्यात आल्यावर बंग दांपत्याचे लक्ष वळले ते उरलेल्या मृत्यूंकडे, आणि ते प्रामुख्याने पहिल्या महिन्यातील अर्भकांचे होते. त्यांच्या घरोघरच्या नोंदीत ४२ टक्के बाळे अडीच किलोहून कमी वजनाची जन्मत होती. म्हणजे आपले गोळी-औषध जितके यशस्वी होईल तितका माझा गर्भ अधिकाधिक उघडा पडत जाईल. आपले यश हाच माझ्या विषयाचा जन्मदाखला आहे.

साशंक : त्या क्रमाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती पहिले काम पुरे होण्याआधीच दुसऱ्याची सनद काढण्याला. न्यूमोकोकसची लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ मध्ये काही राज्यांपुरती आली आणि देशभर पोहोचायला २०२१ उजाडले. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरावीक रक्कम असते. त्यातून त्याने प्राणवायूची नळकांडी घ्यावीत, की ज्यांचे फळ दहा-वीस वर्षांनी दिसेल अशा मुलींच्या जेवणाची तजवीज करावी? आपण दुसरे म्हणाल, तर त्याच्या दारात आज धापा टाकणाऱ्या मुलाला काय सांगायचे ते आपणच येऊन सांगा.

पुरस्कर्ता : मी दुसरे म्हणण्याइतका निर्धास्त नाही, आणि त्याचे कारण मुंबईतच आहे. तेथील झोपडवस्त्यांत स्त्रियांना गर्भधारणेच्याही आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला गेला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. सरसकट पाहता जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. ज्या स्त्रियांनी तो खाऊ गर्भधारणेपूर्वी पुरेसे दिवस घेतला होता त्यांच्यात वजन वाढले, पण वाढले ते ज्या बऱ्या अंगाच्या होत्या त्यांच्या बाळांचे. ज्या सर्वांत कृश होत्या त्यांच्या बाळांना त्याचा लाभ दिसला नाही. म्हणजे जिला अधिक हवे होते तिचे शरीर ते घेऊन बाळाकडे पोचते करण्याच्या स्थितीतच नसावे, आणि तिला त्या स्थितीला आणणारे उपास तिच्या बालपणी, कदाचित तिच्या आईच्या उदरातच, घडलेले असावेत. मी गर्भाला आरंभ समजत होतो. आता तो आरंभ आणखी एक पिढी मागे सरकला आहे, आणि तो कोठे थांबवावा हे मला सांगता येत नाही.

साशंक : मग बीज आणि गर्भ यांच्यामधली ती हद्द, जिच्यासाठी मी मघा दत्तकांचा दावा फेटाळला, तीही राहत नाही. जे तीन पिढ्या उपाशी आहे त्या घराण्याची नाजूक छाती वंशातली म्हणावी की धान्याच्या कोठारातली? यावर आपण काही म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या, की पहिले उत्तर दिलेत तर सरकार सुटते आणि दुसरे दिलेत तर आपली गुणसूत्रे.

पुरस्कर्ता : आणि दोन्ही दिली तर?

साशंक : तर कोणाचा वाटा किती, हे विचारायला तोच जिल्हा आरोग्य अधिकारी उद्या सकाळी आपल्याकडे येईल, आणि तो आकडा त्याच्या जिल्ह्यापुरताच खरा असेल हे आपल्याला त्याला आधीच सांगावे लागेल.